पाटावरचा प्लग-पाना

“पुरे करा आता. इंजिन काही दसऱ्याची आंघोळ मांगून नाही राहिलं.”

मी ओसरीतून म्हणाले, पण मोरेश्वरला ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं तरी त्यानं मनावर घेतलं नाही. त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि डाव्या हातात विहिरीवरच्या मोटरचा पाइप होता. जिप्सीचं बॉनेट उघडं टाकून तो आतच धार सोडत होता. पावसाळ्यात कवेलू फिरवायला म्हणून छपरावर चढला आणि हात मोडून खाली आला, तेव्हापासून त्याला कुठलंच काम जमत नव्हतं. माझा नवरा भला माणूस आहे, पण रिकाम्या बसलेल्या भल्या माणसाइतका धोका घरात दुसरा नसतो. दसऱ्याला गाडी आपणच धुणार, असा त्यानं हट्ट धरला होता.

“झेंडूची माळ घालाची हाय तिले,” तो म्हणाला. “अंदर चिखल, बाहेर माळ, असं बरं दिसते का?”

धुऊन झाल्यावर त्यानं मला किल्ली फिरवायला सांगितली. गाडी सुरू झाली, पण अशी की अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. सगळी गाडी हुडहुडी भरल्यासारखी हलायला लागली आणि मागच्या नळीतून फटफट आवाज निघायला लागला. मी तिला गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत एक चक्कर मारून आणली, म्हणजे गरम होऊन पाणी उडेल. चढावर तिनं मान टाकली. कशीबशी पहिल्या गिअरमध्ये घरी आणली.

“मिसिंग मारून रायली. एखादा प्लग पेटून नाही रायला,” मोरेश्वर खालच्या आवाजात म्हणाला. त्याचं तोंड उतरलं होतं.

माझंही उतरलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी ती गाडी मी चालवणार होते.

आमचं बेलघाटा चंद्रपूरच्या बाजूला, जंगलाच्या गेटाला लागून आहे. पावसाळाभर जंगल बंद असतं, आणि उघडलं की पर्यटकांना आत नेणाऱ्या जिप्स्यांवर अर्धं गाव जगतं. त्या वर्षी गेट दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे उघडणार होतं. मोरेश्वरचा हात काही तोवर सुटणार नव्हता. मी माहेरी ट्रॅक्टर चालवलेला, लायसन काढलेलं, मोरेश्वरच्या शेजारी बसून जंगलाचे रस्ते पाठ केलेले. तेव्हा मीच म्हटलं की गाडी मी चालवते. गेटावर तोपर्यंत एकही बाई गाडी चालवत नव्हती. गाडीवाल्यांची बैठक झाली, चहा झाला, पुन्हा बैठक झाली, आणि शेवटी त्यांचे म्होरके उद्धवभाऊ म्हणाले, “पहिला दिवस पाहू. गाडी बराबर गेली, बराबर आली, तर मंग आमचं काही म्हननं नाही.” नाही गेली तर मोरेश्वरच्या नंबरावर उद्धवभाऊंच्या भाच्यानं गाडी लावायची, हेही त्याच बैठकीत ठरलं.

मी एवढी भांडून मिळवलेली जागा, आणि माझ्या सासूनं त्यावर एक शब्द काढला नव्हता. यमुनाबाई तिचं नाव. मी तिला आत्याबाई म्हणायची. बैठकीचा निकाल मोरेश्वरनं घरी येऊन सांगितला तेव्हा ती तांदूळ पाखडत होती. “हूं,” म्हणाली आणि सूप हलवत राहिली. त्या “हूं”चा अर्थ मी माझ्या परीनं लावून टाकला होता.

दुपारी उद्धवभाऊ आपट्याची पानं घेऊन आले. रिवाजच आहे, दसऱ्याला घरोघर जाऊन सोनं द्यायचं. मी तेव्हा बॉनेटमध्ये वाकले होते. पहिल्या प्लगची वायर उपसून पाहिली तर प्लगच्या खोल भोकात पाणी चमकत होतं.

उद्धवभाऊंनी मोरेश्वरला पान दिलं, आत्याबाईच्या पाया पडून तिला दिलं. माझ्याकडे आले आणि माझे काळे हात बघून थांबले. “तुले मंग देतो, रजनी. हात खराब हायेत तुये.”

मग त्यांनी किल्ली फिरवायला सांगितली. मी वायर परत बसवून गाडी सुरू केली. ते कान देऊन ऐकत राहिले. गाडीची नाडी बघणारे माणूस ते, त्यांना सांगायची गरज नव्हती.

“पानी गेलं अंदर. अन् प्लगही म्हातारे झाले,” ते म्हणाले. “मी भाच्याले तयार राहाले सांगतो.”

“सकाळपर्यंत गाडी नीट होईल, भाऊ,” मी म्हटलं.

“झाली तर चांगलंच हाय. पन एक सांगतो, राग नको मानू. उद्या मोरूची गाडी बंद पडली असती तर लोक म्हनले असते, गाडी बंद पडली. तुयी पडली तर म्हनतील, बाई बंद पडली. मंग पुढं कोनत्याच बाईचं नाव निघनार नाही गेटावर.”

राग आला, पण मानायला जागा नव्हती. माणूस खरं बोलला होता.

ते गेल्यावर मोरेश्वर म्हणाला, “नवे प्लग हायेत न आपल्यापाशी. मी सीझनसाठी आनूनच ठेवले. चार प्लग बदलाले असा कितीसा वेळ लागते?”

प्लग होते. प्लग-पानाही होता. अडचण एवढीच की दोन्ही वस्तू देवघरात पाटावर बसल्या होत्या, अंगावर हळदकुंकू आणि डोक्यावर झेंडूचं फूल घेऊन.

त्याच दिवशी सकाळची गोष्ट. आमच्या घरी दसऱ्याला सगळी हत्यारं पुजतात. कुऱ्हाड, विळा, सासऱ्यांची जुनी पहार आणि मोरेश्वरची पान्यांची पेटी. आत्याबाईनं सगळी धुऊनपुसून पाटावर मांडली होती. लांब नळीसारखा प्लग-पाना आणि नव्या प्लगांचा डबा मधोमध ठेवला होता. दरवर्षी मोरेश्वर पूजा करायचा. त्या दिवशी तो पाटापुढे बसला आणि डावा हात कुंकवाकडे नेला, तर आत्याबाईनं करंडा उचलून माझ्यापुढे धरला.

“पान्याले तू लाव,” ती म्हणाली. “बाकीच्याले तो लावते.”

मला वाटलं, डाव्या हातानं कुंकू लावणं बरं नाही म्हणून सांगितलं असेल. बाकीच्यांना मात्र त्यानं डाव्याच हातानं लावलं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. मी बोट बुडवलं आणि पान्याला, प्लगांच्या डब्याला टिळे लावले.

आता पूजा झाली म्हणजे हत्यार झोपलं. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आत्याबाई देवापुढे दिवा लावणार, मग पाटावरचं एकेक हत्यार उचलायचं, तोवर कुणी हात लावायचा नाही. हा नियम या घरात सासऱ्यांच्या बापापासून चालत आला होता. गेट उघडायचं त्याच्याही आधी. म्हणजे पाटावरचा पाना जागा होईपर्यंत आमचा नंबर गेलेला असणार.

मोरेश्वरनं चंद्रपूरच्या मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री हसला. “दसरा हाय भाऊ. माये पाने बी पाटावरच बसले.” शेजारी विचारून आला, तिथंही तेच. अख्ख्या तालुक्यात त्या दिवशी लोखंडाला सुट्टी होती.

शेवटी तो देवघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला. मी त्याच्या मागे.

“माय, पाना पाह्यजे.”

आत्याबाई समईची वात सारत बसली होती. “उद्या दिवा लागल्यावर.”

“उद्या कायले? गाडी आज खराब झाली. उद्या रजनीची पहिली फेरी हाय.”

“मले मालूम हाय.”

“मंग?”

ती पुन्हा वातीकडे वळली. मोरेश्वर चिडला. त्याचा राग कमी येतो आणि आला की चुकीच्या जागी येतो. सरळ आत शिरून त्यानं पाटाकडे हात नेला.

“हात नको लावू त्याले,” आत्याबाई म्हणाली. आवाज चढवला नाही, पण मोरेश्वरचा हात तिथंच थांबला. चाळिशीच्या दारातला माणूस, पोरासारखा मागे सरला.

तेव्हा माझ्या मनात जे आलं ते सांगते. मला वाटलं, बाईला मी गाडीवर बसायला नकोच आहे. तोंडानं म्हणायचं नाही, देवाच्या आड बसून अडवायचं. सासू शेवटी सासूच, असं मी मनातल्या मनात म्हटलं आणि पाठ फिरवून अंगणाकडे निघाले.

“रजनी.”

मी वळले.

“पाना तुले पाह्यजे का ह्याले?”

“गाडी मी चालवनार हाय, आत्याबाई. मले पाह्यजे.”

“मंग हा कायले मांगून रायला? तू मांग.”

मला ते फार लागलं. अडवायचं तर अडवा, वरून हात पसरायला लावता, असं वाटलं. पण प्लग काढण्याइतकं इंजिन थंड झालं होतं आणि ऊन उतरत होतं. मी गिळलं सगळं आणि म्हटलं, “पाना द्या, आत्याबाई.”

ती उठली. समईत नवी वात घातली, पेटवली, देवाला हात जोडून काहीतरी पुटपुटली. मग पाना दोन्ही हातांनी उचलून माझ्या हातात ठेवला आणि त्यावर प्लगांचा डबा. फूल खाली पडलं ते उचलून तिनं माझ्या केसांत खोचलं. “जाय,” म्हणाली. “उजेड हाय तोवर कर.”

मोरेश्वर माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. दोघांनाही काही उमजलं नाही. विचारायला वेळही नव्हता.

प्लग बदलणं काही मोठी विद्या नाही, पण घाई केली की ती बदला घेते. दरवर्षी मोरेश्वर करायचा आणि मी बॅटरीचा उजेड धरून उभी असायची. उभं राहून माणूस पुष्कळ शिकतो. त्या दिवशी बॅटरी कोण धरणार, म्हणून मी मागे बघितलं तर आत्याबाई पदर खोचून उभी होती. तिनं मोरेश्वरच्या हातून बॅटरी घेतली.

आधी मी एकेक वायर वर सारून, काठीला फडकं गुंडाळून भोकांतलं पाणी टिपलं. मग सायकलचा पंप लावून वारा मारला, म्हणजे उरलंसुरलं पाणी आणि कचरा प्लग काढल्यावर आत पडायला नको.

“साऱ्या वायरी काढून घे एकदम,” मोरेश्वर म्हणाला. “लवकर होते.”

“अन् मंग कोनती कुठली, ते कोन सांगनार? एकेकच काढते.”

“चुलीवरची सारी भांडी एकदम नाही उतरवत, मोरेश्वरा,” आत्याबाई मागून म्हणाली. “झाकन्या बदलतात.”

मी एक वायर टोपीला धरून उपसली, पाना आत सोडला आणि जोर दिला. पहिला प्लग करकरत सुटला. टोक काळं, ओलं, कडा झिजलेल्या. नव्या प्लगाच्या तोंडातली फट पट्टी घालून पाहिली, मग त्याच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा चढवला आणि त्या नळीनंच तो आत फिरवत नेला. असं केलं की प्लग वाकडा बसत असेल तर हाताला आधीच कळतं. नळी बोटांत घसरायला लागली तेव्हा पाना लावून थोडा कसला, वायर बसवली आणि दुसरा घेतला.

शेवटचा प्लग इंजिनाच्या मागच्या अंगाला, काचेकडच्या बाजूला होता, आणि तो हलेना. मी पान्यावर लोंबकळले तरी हलेना.

“सरक, मी पाहतो,” मोरेश्वर डाव्या हातानं पाना धरायला आला. “पाइप अडकवून झटका देतो. मंग त्याचा बापही सुटंल.”

“सुटंल, अन् आटे घेऊन सुटंल. मंग इंजिनाचं सारं हेडच बदला,” मी म्हटलं. “तुमी दूर व्हा.”

लग्न झाल्यापासून त्याच्या गाडीपाशी मी त्याला असं कधी बोलले नव्हते. तो आईकडे बघायला लागला. तिनं बॅटरीचा उजेड हलवलाही नाही.

“तिचं काम हाय,” ती म्हणाली. “तू घासलेट आन.”

तो गेला आणि बाटली घेऊन आला. मी चार थेंब सोडले आणि थांबले. थांबणं हेच त्यातलं सगळ्यात अवघड काम. मग पाना जरा इकडे, जरा तिकडे, पुन्हा जरा इकडे. जात्याचा खुंटा बसवताना हलवतात तसा. केव्हातरी आत कुटकन आवाज झाला आणि प्लग सैल झाला. आटे साबूत होते. माझ्या पाठीवरून घामाची धार गेली.

नवा बसवला. मोरेश्वर म्हणाला, “अजून कस.” मी म्हटलं, “बस झालं.” आणि गाडीत जाऊन किल्ली फिरवली.

इंजिन एकदम धरलं. फटफट नाही, थरथर नाही, एका लयीत घुमणारा आवाज. मी पाय दाबला, सोडला, पुन्हा दाबला. कोंबड्या जागच्या हलल्या नाहीत. मला इतका आनंद झाला की मी गाडीतून उतरलेच नाही, काळ्या हातांनी स्टिअरिंग धरून तशीच बसून राहिले. मोरेश्वर बॉनेटवर टाळ्या वाजवत होता, एका हातानं जशा वाजतील तशा.

पहाटे गेटावर जिप्स्यांची रांग लागली होती. उद्धवभाऊंचा भाचा आपली गाडी घेऊन बाजूला तयार उभा होता. मी माझ्या नंबरावर गाडी लावली आणि इंजिन मुद्दाम बंद केलं नाही. ऐकू दे म्हटलं. उद्धवभाऊ आले, बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले.

“कोन मिस्त्री भेटला दसऱ्याच्या दिवशी?”

“घरचाच हाय,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. नखांतला काळेपणा रात्री राखेनं घासूनही गेला नव्हता. मग त्यांनी खिशात हात घातला आणि आपट्याचं एक पान काढलं. रात्रभरात सुकून त्याच्या कडा वळल्या होत्या.

“काल तुयं राहिलं होतं,” ते म्हणाले, आणि भाच्याला हातानंच गाडी मागे घे अशी खूण केली.

आत वाघ दिसला नाही. नागपूरचं एक कुटुंब होतं गाडीत, त्यांना मी रानगवे दाखवले, अस्वलाची विष्ठा दाखवली, आणि नाल्याचा चढ असा चढवला की त्यांच्यातले आजोबा म्हणाले, “बाई, गाडी हातात बसली तुमच्या.” तेवढं मला वर्षभर पुरलं असतं.

घरी आले तर मोरेश्वर झोपला होता, रात्रभर काळजीनं जागा होता म्हणे. आत्याबाई चुलीपाशी होती. तिनं मला पाणी दिलं आणि मी पिईस्तोवर माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

“गेली?”

“गेली अन् आली. उद्यापासून नंबर पक्का झाला.” मग राहवलं नाही. “आत्याबाई, काल मले मांगाले कायले लावलं? त्याले देऊन टाकला असता पाना तर काय झालं असतं?”

ती भाकरी थापत होती. थापतच बोलली.

“तुया सासऱ्याच्या घरचा जुना रिवाज हाय, मोरेश्वरच्याही ध्यानात नसंल. हत्याराले जो कुंकू लावते, हत्यार त्याचं. मंग सालभर त्याले दुसऱ्यानं न विचारता हात लावाचा नाही. पाना तुया झाला होता सकाळीच. ज्याचं हत्यार त्यानंच मांगलं, म्हनून उद्याचा दिवा मी देवाले सांगून कालच लावला. मोरेश्वर कोन मांगनारा? त्याले देऊन टाकला असता तर मंग तुले कुंकू लावाले सांगितलं कायले मी?”

म्हणजे पाणी आत जायच्या आधीच, कुणाला काही सुचायच्या आधीच, या बाईनं देवासमोर तो पाना माझ्या नावावर केला होता. तिचं ते “हूं” आठवलं. सूप हलवता हलवता तिनं तेव्हाच ठरवून टाकलं असणार.

“तुमी कोनत्या हत्याराले लावलं होतं, आत्याबाई? लग्न झाल्यावर?”

ती हसली. “मी? मी करंडा धरत होती. विळा सालभर मायाच हातात, धान मीच कापलं, पन कुंकू तुया सासऱ्यानं लावलं. तो गेल्यावर मोरेश्वरनं. बाईनं लावाचं असं कोनी म्हनलंच नाही.” तव्यावरची भाकरी तिनं उलटली. “म्हनून म्या म्हनलं.”

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. आज आमच्या गेटावर बायकांच्या गाड्यांकडे कुणी वळून बघत नाही, आणि त्यातल्या बऱ्याच जणींना प्लग काढायला मी शिकवलंय. आधी थंड होऊ द्या, वायर एकेकच, आणि हातानं जातो तोवर हातानंच. मला याचा अभिमान आहे आणि तो मी कुणापासून लपवत नाही. पण जास्त अभिमान मला वेगळ्याच एका दिवसाचा आहे.

पुढच्या दसऱ्याला हत्यारं मी मांडली. पान्याला मी कुंकू लावलं, कुऱ्हाडीला मोरेश्वरनं लावलं. त्याचा हात केव्हाच बरा झाला होता. मग तो सवयीनं विळ्याकडे वळला, तेवढ्यात मी करंडा उचलला आणि आत्याबाईपुढे धरला.

तिनं हात लुगड्याला पुसले. मग बोट बुडवून तिनं विळ्याच्या पात्यावर टिळा लावला, पदरानं कडेचं ओघळलेलं कुंकू टिपलं, आणि विळा उचलून पाटाच्या अगदी मधोमध ठेवला, माझा पाना बाजूला सारून.

“मोरेश्वरा,” ती म्हणाली, “आता ह्याले हात लावाचा असंल तर मले विचारजो.”